राजाविना राष्ट्र : पंडित जवाहरलाल नेहरू

लखनौला रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशाला त्या शहराचे पहिले दर्शन घडते ते चारबाग स्थानकाच्या रूपाने. घुमट, मनोरे आणि कमानी यांनी नटलेली ही वास्तू दुरून एखाद्या राजवाड्यासारखी भासते. तिची पायाभरणी १९१४ साली झाली. त्या वेळी अवधची नवाबी लयाला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता आणि भारतावर ब्रिटिश सम्राटाची सत्ता होती. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या जीवनातील दोन महत्त्वाचे प्रसंग या चारबागशी निगडित आहेत. पहिला प्रसंग १९१६ सालचा. तेव्हा ते विलायतेतून परतलेले, वाट शोधणारे तरुण बॅरिस्टर होते. दुसरा प्रसंग १९२८ सालचा. त्या दिवशी याच स्थानकासमोर त्यांनी लाठ्यांचे घाव सोसले. या बारा वर्षांत एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मनात निश्चित झाले. स्वतंत्र भारताच्या मस्तकी राजमुकुट असावा की नसावा, हा तो प्रश्न होय.

जवाहरलालांचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबाद येथे झाला. या नगरीला आता प्रयागराज म्हणतात. १ नोव्हेंबर १८५८ रोजी लॉर्ड कॅनिंग यांनी याच नगरीत व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखवला होता. कंपनीचा कारभार संपून भारत ब्रिटिश राजसत्तेखाली गेल्याची ती घोषणा होती. जवाहरलालांचे वडील मोतीलाल हे नामवंत वकील होते. घरात वैभव होते आणि राहणी पाश्चात्त्य वळणाची होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९०५ साली, जवाहरलाल इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत दाखल झाले. पुढे केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१२ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

त्यांच्या इंग्लंडमधील वास्तव्यातच, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीत सम्राट पाचवे जॉर्ज यांचा भव्य दरबार भरला. देशोदेशीचे संस्थानिक सम्राटापुढे नतमस्तक झाले. मोतीलालांनाही दरबारास उपस्थित राहण्याची आज्ञा झाली होती. त्यासाठी लागणारा दरबारी पोशाख त्यांनी लंडनहून मागवला आणि ते काम पुत्रावर सोपवले. याच महिन्यात, २७ डिसेंबर रोजी, कोलकाता येथील काँग्रेसच्या अधिवेशनात रवींद्रनाथ ठाकूरांचे जनगणमन हे गीत प्रथम गायिले गेले. त्याच अधिवेशनात वंगभंग रद्द केल्याबद्दल सम्राटाचे आभार मानण्यात आल्यामुळे, ते गीत सम्राटाच्या स्तुतीसाठी रचले गेले असा समज काही वृत्तपत्रांमुळे पसरला. तो समज पुढे अनेक वर्षे टिकला. १९३७ साली रवींद्रनाथांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला. गीतातील भाग्यविधाता हा युगानुयुगे मानवाला मार्ग दाखवणारा सारथी आहे आणि कोणताही पृथ्वीवरचा राजा त्या जागी बसू शकत नाही, असे त्यांनी कळवले. राष्ट्राने आपल्या गीतात कोणाचा गौरव करावा, हा प्रश्न असा आरंभापासूनच राजसत्तेच्या प्रश्नाशी जोडला गेला होता.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला काँग्रेसचे अधिवेशन भरले. १९०७ साली सुरतेला झालेली फूट येथे सांधली गेली. लोकमान्य टिळक पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर आले आणि काँग्रेस व मुस्लीम लीग यांच्यात लखनौ करार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जवाहरलालांचा कमला यांच्याशी विवाह झाला होता. टिळक आणि अ‍ॅनी बेझंट या दोघांच्याही होमरूल लीगचे ते सभासद झाले. या अधिवेशनाच्या सुमारास त्यांची आणि महात्मा गांधींची पहिली भेट झाली. ती चारबागच्या परिसरात झाली असे लखनौत सांगितले जाते. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याबद्दल गांधीजींविषयी तरुणांना आदर होता, परंतु ते राजकारणापासून दूरचे आणि काहीसे वेगळेच वाटत. हाच पुरुष आपले आयुष्य बदलून टाकणार आहे, याची कल्पना त्या वेळी जवाहरलालांना नव्हती.

पाच वर्षांतच चित्र पालटले. १९२१ साली असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला असताना ब्रिटिश युवराज भारताच्या दौऱ्यावर आले. काँग्रेसने त्यांच्या स्वागतावर बहिष्कार घातला. युवराज अलाहाबादला पोहोचण्यापूर्वीच, ६ डिसेंबर रोजी, मोतीलाल आणि जवाहरलाल या पितापुत्रांना अटक झाली व त्यांची रवानगी लखनौच्या तुरुंगात करण्यात आली. युवराज आले तेव्हा अलाहाबादचे रस्ते ओस पडले होते. दहा वर्षांपूर्वी ज्या पित्याने सम्राटाच्या दरबारासाठी पोशाख शिवून घेतला, तो आता सम्राटाच्या पुत्राच्या बहिष्कारासाठी मुलासह कारावास भोगत होता. जवाहरलालांचा हा पहिला तुरुंगवास होय. त्यांच्या आयुष्यातील सुमारे नऊ वर्षे पुढे तुरुंगात गेली.

राजसत्तेचे दुसरे रूप त्यांनी १९२३ साली पंजाबातील नाभा संस्थानात पाहिले. इंग्रजांनी तेथील महाराजांना पदावरून दूर केले होते आणि ब्रिटिश प्रशासक संस्थानाचा कारभार पाहत होता. शीख सत्याग्रहींचा लढा पाहण्यासाठी जवाहरलाल दोन सहकाऱ्यांसह तेथे गेले असता त्यांना पकडण्यात आले. बेड्या घालून त्यांना नेण्यात आले आणि अस्वच्छ, कोंदट कोठडीत ठेवण्यात आले. संस्थानी कारभारात रयतेला दाद मागण्यासाठी जागाच नसते आणि परकी सत्ता त्याच अनिर्बंध कारभाराचा आधार घेते, हे त्यांनी तेथे स्वतः अनुभवले. संस्थानिकांविषयीचे त्यांचे मत या अनुभवातून अधिक कठोर झाले.

१९२७ साली मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनात त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला व तो मंजूर झाला. तथापि, स्वराज्याचे स्वरूप कसे असावे याबाबत ज्येष्ठ नेत्यांत एकमत नव्हते. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया यांच्याप्रमाणे ब्रिटिश राजमुकुट मान्य करून अंतर्गत कारभार स्वतः पाहावा, असे अनेकांना वाटे. यालाच वसाहतीचे स्वराज्य म्हणत. मोतीलालांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या नेहरू अहवालाने हाच मार्ग सुचवला. ऑगस्ट १९२८ अखेर लखनौ येथे सर्वपक्षीय परिषद भरली आणि तिच्यापुढे तो अहवाल आला. अवधच्या बड्या तालुकदारांना दिलासा मिळावा म्हणून खाजगी मालमत्तेच्या हक्कांची हमीही परिषदेने त्यात समाविष्ट केली. पित्याने मोठ्या परिश्रमाने तयार केलेल्या अहवालातील या मूळ भूमिकेला पुत्राने विरोध केला. राजमुकुट मान्य करणे म्हणजे साम्राज्य मान्य करणे, अशी जवाहरलालांची धारणा होती. सुभाषचंद्र बोस आणि इतर समविचारी तरुणांसह त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या इंडिपेंडन्स फॉर इंडिया लीगची स्थापना केली. पितापुत्रांमधील जिव्हाळा अतूट होता, म्हणूनच हा मतभेद दोघांनाही जड गेला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी सायमन आयोग लखनौला आला. आयोगात एकही भारतीय सदस्य नसल्याने देशभर त्याचा निषेध होत होता. लाहोर येथील निदर्शनांत लाठ्यांचा मार खाल्लेल्या लाला लजपतराय यांचे १७ नोव्हेंबर १९२८ रोजी निधन झाले होते. लखनौत मिरवणुकांवर निर्बंध असल्यामुळे कार्यकर्त्यांनी सोळा-सोळा जणांच्या लहान तुकड्यांनी जाण्याचे ठरवले. अशा एका तुकडीच्या अग्रभागी जवाहरलाल होते. घोडेस्वार पोलीस अंगावर येत असलेले पाहून आडोशाला जावे असा विचार क्षणभर त्यांच्या मनात आला, पण ते जागेवरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबर रोजी, आयोगाचे आगमन झाले तेव्हा चारबाग स्थानकासमोरच्या मैदानात हजारोंचा समुदाय जमला. त्याच्यावर घोडी घालण्यात आली आणि लाठ्या बरसू लागल्या. जवाहरलालांना जबर मार बसला. त्यांच्यासमवेत असलेले गोविंद वल्लभ पंत गंभीर जखमी झाले. त्या माराचे परिणाम पंतांना जन्मभर जाणवत राहिले. घोड्यावरील अधिकाऱ्याला खाली ओढून आपण त्याच्या जागी बसावे, अशी ऊर्मी त्या क्षणी मनात उसळली होती, हे जवाहरलालांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले आहे. मात्र अहिंसेच्या शिस्तीने त्यांचा हात आवरला. बारा वर्षांपूर्वी ज्या गांधीजींचे अंतरंग त्यांना उमगले नव्हते, त्यांचीच शिकवण या मैदानात त्यांच्या कामी आली.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद जवाहरलालांकडे आले. आदल्या वर्षीचे अध्यक्ष मोतीलाल होते. पित्याने पुत्राच्या हाती सूत्रे सोपवली, असा हा हृद्य योग होता. अध्यक्षीय भाषणात त्यांनी आपण समाजवादी आणि प्रजासत्ताकवादी असून राजे-महाराजांच्या व्यवस्थेवर आपला विश्वास नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले. अधिवेशनाने पूर्ण स्वराज्य हे ध्येय घोषित केले आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या तीरावर तिरंगा फडकला. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. वीस वर्षांनंतर याच तारखेला भारत प्रजासत्ताक झाला.

राजमुकुट नाकारणाऱ्या नेत्याभोवती लोकप्रियतेचे एक नवे वलय निर्माण होऊ लागले होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये कमला यांचे परदेशात निधन झाले. ते दुःख उरी बाळगून एप्रिलमध्ये जवाहरलालांनी लखनौच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. पुढील निवडणूक दौऱ्यांत लाखो लोक त्यांना पाहण्यासाठी जमत. नोव्हेंबर १९३७ मध्ये मॉडर्न रिव्ह्यू या मासिकात चाणक्य या नावाने एक लेख प्रसिद्ध झाला. जवाहरलालांच्या ठायी हुकूमशहा होण्याची सामग्री आहे, जनतेच्या जयजयकाराने त्यांचा अहंकार वाढत आहे, म्हणून त्यांना पुन्हा अध्यक्ष करू नये, असा इशारा त्यात दिला होता. लेखक कोण, याचा शोध सुरू झाला. पुढे उघड झाले की तो लेख स्वतः जवाहरलालांनीच लिहिला होता. सिंहासन मोडले तरी नव्या राजाला खांद्यावर घेण्याची सवय समाजाच्या मनात उरते, आणि खांद्यावर बसण्याचा मोह नेत्याच्या मनात, हे त्यांनी स्वतःचेच उदाहरण घेऊन दाखवले.

याच सुमारास राष्ट्रगीताचा प्रश्न ऐरणीवर आला. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे वंदे मातरम हे गीत रवींद्रनाथांनी १८९६ च्या काँग्रेस अधिवेशनात गायिले होते. वंगभंगाच्या चळवळीत या गीतासाठी अनेकांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास पत्करला. परंतु त्याच्या उत्तरार्धातील देवीरूपाच्या वर्णनावर अनेक मुस्लीम नेत्यांचा आक्षेप होता. जवाहरलालांनी रवींद्रनाथांचा सल्ला घेतला. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने पहिली दोन कडवीच राष्ट्रीय समारंभांत गावीत, असा निर्णय केला. हा निर्णय सर्वांनाच रुचला असे नाही. एका बाजूला तो अपुरा वाटला, तर दुसऱ्या बाजूला गीताची हानी करणारा वाटला.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यानंतर जवाहरलालांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांच्या सोबत्यांत मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, महाराष्ट्रातील शंकरराव देव आणि चारबागच्या लाठीमारातील सहकारी गोविंद वल्लभ पंत हे होते. १९४४ साली त्यांनी तेथे भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला. खेड्यापाड्यांतील सभांत शेतकरी भारतमातेचा जयजयकार करीत, तेव्हा ही माता कोण, असे ते विचारत. कुणी धरणीमातेकडे बोट दाखवी. डोंगर, नद्या आणि शेते यांच्यासह इथली कोट्यवधी माणसे म्हणजेच भारतमाता आहे आणि तिचा जय म्हणजे तुमचा जय आहे, असे ते त्यांना समजावून सांगत. ही आठवण त्यांनी या ग्रंथात नोंदवली आहे. जयघोष कोणाचा करायचा, याचे त्यांना सापडलेले उत्तर हे होते.

१३ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक होईल आणि सर्व सत्तेचा उगम जनता असेल, असा त्याचा आशय होता. मुस्लीम लीगचे सदस्य आणि संस्थानांचे प्रतिनिधी उपस्थित नसताना ठराव मंजूर करण्याची घाई करू नये, असे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी सुचवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ऐक्यासाठी थांबण्याचा सल्ला दिला. ही सूचना मानून सभेने प्रतीक्षा केली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. एखाद्या संस्थानातील जनतेला राजा हवाच असेल तर तिच्यावर प्रजासत्ताक लादले जाणार नाही, असेही जवाहरलालांनी या चर्चेत स्पष्ट केले. राजा नको हा त्यांचा आग्रह होता, तरी अंतिम अधिकार त्यांनी जनतेकडेच ठेवला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु नवे संविधान अमलात येईपर्यंत ब्रिटिश राजे सहावे जॉर्ज हेच नाममात्र राष्ट्रप्रमुख राहिले. साम्राज्याच्या काळातील राजस्तुतीचे गीत आता वाजवणे शक्य नव्हते आणि नवे गीत ठरले नव्हते. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ जनगणमनची ध्वनिमुद्रिका होती. वाद्यवृंदाने तिच्या आधारे सराव करून ते वाजवले आणि ते उपस्थितांना फार आवडले. जवाहरलालांनी प्रांतांच्या गव्हर्नरांचे मत मागवले. मध्य प्रांताच्या गव्हर्नरांखेरीज इतर सर्वांनी तात्पुरते राष्ट्रगीत म्हणून जनगणमनला संमती दिली. परदेशांत आणि सैन्याच्या बँडवर राष्ट्रगीत वाजते तेव्हा शब्दांपेक्षा चालीला महत्त्व येते, असे त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये संविधान सभेपुढे मांडले. या मुद्द्याला महाराष्ट्रातून कलेच्या भाषेत उत्तर मिळाले. गायक व संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी वंदे मातरमला बँडवर वाजवता येईल अशी चाल लावली आणि दिल्लीला जाऊन नेत्यांपुढे प्रात्यक्षिके केली. त्यांची तळमळ आणि परिश्रम पाहता हा वाद केवळ राजकारणाचा नव्हता, हे ध्यानात येते.

राजमुकुटाचा प्रश्नही याच काळात सुटायचा होता. एप्रिल १९४९ मध्ये लंडन येथील परिषदेत असे ठरले की, भारत प्रजासत्ताक होईल, राजाशी निष्ठेचे नाते ठेवणार नाही, मात्र स्वतंत्र राष्ट्रांच्या सहकार्याचे प्रतीक म्हणून राजाला राष्ट्रकुलाचा प्रमुख मानील. एके काळी वसाहतीच्या स्वराज्याला विरोध करणाऱ्या जवाहरलालांनी हा मार्ग स्वीकारला, यावर टीका झाली. संविधान सभेत मौलाना हसरत मोहानी यांनी त्याला कडाडून विरोध केला. भारताच्या कारभारावर राजाचा कोणताही अधिकार राहत नाही आणि हे नाते भारताने स्वेच्छेने जोडले आहे, असे जवाहरलालांचे प्रतिपादन होते. सभेने मे महिन्यात या निर्णयाला मान्यता दिली. इकडे वल्लभभाई पटेल यांच्या कणखर प्रयत्नांनी पाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन झाली होती.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेची अखेरची बैठक झाली. जनगणमन हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावणाऱ्या वंदे मातरमला त्याच्या बरोबरीचा मान मिळेल, असे डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी जाहीर केले. त्याच दिवशी राजेंद्रप्रसाद यांची पहिले राष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवड झाली. राष्ट्राने आपले गीत आणि आपला निवडलेला प्रमुख एकाच दिवशी स्वीकारला. दोन दिवसांनी भारत प्रजासत्ताक झाला.

पंतप्रधान म्हणून जवाहरलालांनी जवळजवळ सतरा वर्षे कारभार पाहिला. त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई आणि त्यामुळे त्यांच्या चुकांची किंमतही देशाला मोठी मोजावी लागे. १९६२ साली चीनबरोबरच्या युद्धात भारताचा पराभव झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पहिला अविश्वासाचा ठराव आला. तो मांडणारे होते आचार्य कृपलानी, म्हणजेच अहमदनगरच्या किल्ल्यातील त्यांचे सहबंदी. ठराव फेटाळला गेला, तरी चार दिवसांच्या चर्चेत सरकारवर कठोर टीका झाली. थकलेल्या पंतप्रधानांनी ती सभागृहात बसून ऐकली आणि तिला उत्तर दिले. राजाला असे उत्तर द्यावे लागत नाही. चाणक्य या नावाने लिहिलेल्या लेखातील भीतीवर प्रजासत्ताकाने योजलेला उपाय तो हाच.

२७ मे १९६४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांचे निधन झाले. आपल्या रक्षेचा अल्प अंश प्रयागला गंगेत सोडावा आणि उरलेली रक्षा विमानातून देशभरातील शेतांवर विखरून टाकावी, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. ती पूर्ण करण्यात आली. चारबाग स्थानकासमोरच्या ज्या मैदानात त्यांनी लाठ्या सोसल्या, तेथे पुढे बाग झाली. आज त्या वाटेने रोज हजारो प्रवासी ये-जा करतात. त्यांतील प्रत्येक प्रौढ नागरिकाला आपला शासनकर्ता निवडण्याचा आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे.